पोलीस म्हणतात "दिवाणीत जा": कुळागराची मेर, चिऱ्यांची भिंत आणि न्यायालयाचे दोन दरवाजे

मेरेवरची पोफळ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. फोंडा तालुक्यात आमचे वडिलोपार्जित कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहे. त्याच्या दक्षिणेच्या मेरेवर, म्हणजे हद्दीवर, आजोबांच्या काळापासून वई (कुंपण) होती आणि तिला लागून आमच्या पोफळी होत्या. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही घरचे सगळे लग्नानिमित्त पेडण्याला गेलो असताना शेजाऱ्यांनी ती वई उपटून टाकली, दोन पोफळी तोडून नेल्या आणि आमच्या बाजूला सुमारे दीड मीटर आत सरकून चिऱ्यांच्या भिंतीचा पाया घातला. परतल्यावर वडील जाब विचारायला गेले, तेव्हा त्यांना शिवीगाळ झाली आणि पुन्हा मेरेवर दिसलात तर पाय मोडू, अशी धमकीही मिळाली.

पोलीस ठाण्यात धमकीची अदखलपात्र नोंद घेतली गेली आणि तिची प्रत आम्हाला मिळाली. भिंतीविषयी मात्र "हा दिवाणी वाद आहे, न्यायालयात जा" एवढेच उत्तर मिळाले. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हणा) वडिलांचे नाव आहे, सर्वेक्षणाचा नकाशा आहे, तरीही असे उत्तर मिळावे, याचा मला राग आला आणि अजून तो गेलेला नाही. कुणी खिशातून पाचशे रुपये काढले तर ती चोरी होते. मग कुणी दीड मीटर जमीन काढून घेतली तर ती चोरी का होत नाही? पोलिसांनी अंग झटकले की त्यांचे म्हणणे खरोखर बरोबर आहे? दिवाणी आणि फौजदारी यांतला फरक जाणकारांनी समजावून सांगितला तर उपकार होतील.

कुशावतीकाठ

माझा सल्ला व्यवहारी आहे. दिवाणी दाव्याच्या नादी लागू नका, नातवंडे तारखांना जातील. ओळखीने एखादा कडक गुन्हा नोंदवून घ्या. दोनदा ठाण्यात बोलावणे गेले की शेजारी स्वतःच चिरे उचलून नेईल.

निवृत्त बेंच क्लार्क

कुशावतीकाठ यांचा सल्ला मी सेवेत असताना शेकडो लोकांनी अमलात आणलेला पाहिला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे दोन्हीकडे हेलपाटे घालताना पाहिले आहे. त्याकडे शेवटी येतो. आधी धागाकर्त्यांचा चोरीचा प्रश्न घेतो, कारण तो वाटतो त्याहून चांगला आहे.

चोरी ही कायद्याने फक्त जंगम मालाची होते. पूर्वी भारतीय दंड संहितेत तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही तसेच आहे. जमीन जागची हलत नाही, म्हणून ती चोरता येत नाही; तिच्यावर अतिक्रमण होते. जमिनीत उभी असलेली पोफळही तोपर्यंत जमिनीचाच भाग असते. परंतु ती तोडली की त्या क्षणी ती जंगम होते, आणि तोडलेले खोड अप्रामाणिकपणे उचलून नेले तर ती चोरी ठरू शकते. म्हणजे तुमच्या प्रकरणात गंमत अशी आहे, की दीड मीटर जमिनीची चोरी झालेली नाही, पण तिच्यावरच्या दोन पोफळींची झालेली असू शकते.

"असू शकते" असे मी जाणूनबुजून म्हणतो. शेजारी उभा राहून सांगेल, की ती पोफळ माझ्याच हद्दीत आहे, असे मी प्रामाणिकपणे समजत होतो. त्याचा तो समज खरा असण्याची शक्यता न्यायदंडाधिकाऱ्यांना वाजवी वाटली, तर अप्रामाणिक हेतू सिद्ध होत नाही आणि आरोपी सुटतो. फौजदारी अतिक्रमणाचेही तसेच आहे. कलम ३२९ खाली केवळ दुसऱ्याच्या जागेत शिरणे पुरत नाही. गुन्हा करण्याचा किंवा ताबा असणाऱ्याला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. हे सगळे दाखवून आरोपीला शिक्षा झाली, असेही धरून चालू. अतिक्रमणाची शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात दंड झाला तर तो सरकारजमा होतो. भिंत जागेवरच राहते.

गोव्यातील तालुक्याच्या न्यायालयांत हा फरक अगदी समोरासमोर दिसतो, कारण पुष्कळ ठिकाणी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ही एकच व्यक्ती असते. खुर्ची तीच, लाकडी पिंजरा तोच, पुकारा करणारा शिपाईही तोच. फौजदारी प्रकरणात पुकारा होतो तो "राज्य विरुद्ध अमुक" असा. ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव त्या शीर्षकात नसतेच. तो साक्षीदारांच्या यादीत असतो. कैक फिर्यादी मला विचारत, "माझ्या केसमध्ये माझेच नाव कसे नाही?" ती केस त्यांची नसतेच, हे त्यांना पटवता पटवता माझी अर्धी नोकरी गेली. खटला राज्य चालवते, बाजू सरकारी वकील मांडतात, आणि फिर्यादीला उद्या शेजाऱ्याची दया आली तरी तो स्वतःच्या मर्जीने खटला काढून घेऊ शकत नाही. जे गुन्हे तडजोडीस पात्र आहेत तेवढेच मिटवता येतात, त्यांतल्या काहींना न्यायालयाची परवानगीही लागते.

थोड्या वेळाने त्याच खोलीत दिवाणी बोर्ड सुरू होतो. तिथे वादी आणि प्रतिवादी, दोघांचीही नावे. दावा वादीचा, त्याने कोर्ट फी भरायची, त्याने पुरावा आणायचा, आणि त्याला मिटवावासा वाटला तर त्याने मिटवायचा. एखादा मनुष्य हातात दिवाणी समन्स पडताच जामिनासाठी वकील शोधत धावतो. त्याला सांगावे लागते की बाबा रे, तू आरोपी नाहीस, तुला फक्त तुझी लेखी कैफियत द्यायची आहे, ती तीस दिवसांत दे, आणि योग्य कारण असल्यास न्यायालय नव्वद दिवसांपर्यंत मुदत देईल.

पुराव्याचे मापही वेगळे. दिवाणीत न्यायाधीश दोन्ही बाजूंच्या कहाण्या शेजारी ठेवतात आणि त्यांतली कोणती अधिक संभवनीय आहे ते ठरवतात. फौजदारीत आरोपीला कहाणी सांगण्याची सक्तीच नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मुळे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही; सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे गुन्हा सिद्ध करायचा, नाही तर संशयाचा फायदा आरोपीला. दिवाणीत मात्र प्रतिवादी पिंजऱ्यात चढण्याचे टाळतो, तेव्हा त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध काढण्याची न्यायालयाला मुभा असते.

आता कुशावतीकाठ यांच्याकडे वळतो. दिवाणी वादाला फौजदारीचे कपडे घालून दबाव आणण्याच्या या प्रवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली इंडियन ऑइलच्या प्रकरणात स्पष्ट नापसंती नोंदवली होती आणि त्यानंतरही वारंवार नोंदवली आहे. ओढूनताणून नोंदवलेला गुन्हा रद्द करून घेण्यासाठी समोरचा पर्वरीला उच्च न्यायालयात जातो. गुन्हा रद्द झाला, की तुमच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो. शिवाय त्या खटपटीत महिने जातात, आणि दिवाणीतल्या काही मुदती महिन्यांतच मोजतात. त्याविषयी इथल्या वकील मंडळींनी लिहावे.

कुशावतीकाठ

काका, मुद्दा मान्य आहे, पण दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो हेही खोटे नाही. आमच्या एका दाव्यात प्रतिवादी वारले, त्यांच्या वारसांपैकी दोघे पोर्तुगालला आणि एक इंग्लंडला. त्यांना समन्स पोहोचवण्यातच दोन पावसाळे गेले.

निवृत्त बेंच क्लार्क

खोटे मुळीच नाही, आणि तुमचे उदाहरण तर अस्सल गोव्याचे आहे. यातही दोन वाटांचा फरक दिसतो: आरोपी वारला की त्याच्याविरुद्धचा खटला तिथेच संपतो, प्रतिवादी वारला तर जमिनीचा दावा त्याच्या वारसांविरुद्ध चालू राहतो आणि त्यांना अभिलेखावर आणण्यासाठी नव्वद दिवस असतात. निकालानंतरची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, ही तर वेगळीच लढाई. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असे सांगितले. न्यायालयांच्या पडवीतली गर्दी पाहता ते किती पाळले जाते, हे तुम्हीच ठरवा.

सांतेरीची लेक

एकाच घटनेतून दोन्ही वाटा कशा फुटतात याचा अनुभव आमच्या घरात आहे, म्हणून लिहिते. माझ्या भावाच्या दुचाकीला एका मालवाहू गाडीने मागून धडक दिली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. पोलिसांनी चालकावर बेदरकारपणे वाहन चालवल्याचा खटला भरला. त्यासोबत आम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज केला.

फौजदारी खटल्यात एक पंच साक्षीला उलटला आणि गाडी नेमक्या किती वेगाने होती याविषयी दोन साक्षीदारांचे एकमत झाले नाही. चालक निर्दोष सुटला. त्या संध्याकाळी आईने जेवण केले नाही. तिला वाटले की आता भरपाईही गेली. आमच्या वकीलबाईंनी समजावले, की न्यायाधिकरण त्या निकालाला बांधलेले नाही. तिथे प्रश्न एवढाच होता, की अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असण्याची शक्यता अधिक आहे का. तोच पंचनामा, तोच रस्त्याचा कच्चा नकाशा, ब्रेकच्या खुणांची तीच मापे. न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली आणि ती विमा कंपनीने भरली, चालकाने नव्हे. चालक तुरुंगात जाणार की नाही याच्याशी भावाच्या औषधपाण्याचा संबंध नव्हता, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

म्हापसेकर व्यापारी

ताईंच्या उलट माझी कथा आहे. एका गिऱ्हाइकाने मालापोटी दिलेला धनादेश परत आला. खरे तर उधारी हा शुद्ध दिवाणी विषय, परंतु परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मुळे धनादेश न वटणे हा गुन्हा ठरतो आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. इथे पोलीस नसतात, तक्रार आपणच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायची. सही आरोपीचीच आहे हे ठरले, की धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर येतो. २०१८ च्या दुरुस्तीने तर खटला चालू असतानाच रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देवविण्याचा अधिकारही न्यायालयाला मिळाला.

हे सर्व मी नंतर शिकलो. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, त्यानंतर समोरच्याला पंधरा दिवस आणि मग तक्रारीसाठी एक महिना. "चतुर्थी झाली की देतो" या गिऱ्हाइकाच्या शब्दावर मी थांबलो आणि तीस दिवस उलटले. धनादेशाची तीन महिन्यांची वैधताही सरली. फौजदारीचा दरवाजा बंद झाला. मात्र पैसे वसुलीच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षे असतात, त्यामुळे तो दरवाजा उघडा राहिला आणि आता मी त्यातूनच आत गेलो आहे.

बार्देसचा भाटकार

जमिनीच्या बाबतीत फौजदारी निरुपयोगी, असा अर्थ वरच्या चर्चेतून कुणी काढू नये. आमच्या बाजूला परदेशी गेलेल्या कुटुंबांची घरे आणि भाटे (बागायती जमिनी) बनावट दस्तऐवजांवर परस्पर विकली गेल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ साली राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला. जुन्या पोर्तुगीज काळातल्या अभिलेखांत फेरफार करून, मेलेल्या माणसाच्या नावे खरेदीखत उभे केले जाते तेव्हा तो मेरेचा वाद राहत नाही. ती बनावटगिरी आणि फसवणूक आहे, आणि तिचा छडा लावण्यासाठी लागणारी झडती आणि अटक ही साधने कुठल्याही खासगी वादीकडे नसतात.

तरीही माझ्या चुलत्यांचा अनुभव सांगतो. त्यांच्या प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झाले म्हणून ते निर्धास्त झाले. दस्त रद्द ठरवून मागण्याचा दावा आपल्यालाच दिवाणी न्यायालयात लावावा लागेल, आणि बनावट असल्याचे कळल्यापासून त्याला तीन वर्षांची मुदत आहे, हे त्यांना तिसऱ्या वर्षी कळले. मुदत संपायला पाच आठवडे असताना दावा दाखल झाला.

वकिलीण, मडगाव

चर्चा योग्य दिशेने चालली आहे. धागाकर्त्यांच्या प्रकरणापुरते थोडे स्पष्ट लिहिते. कागद न पाहता दिलेला हा अभिप्राय आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

पोलिसांचे भिंतीविषयीचे उत्तर चुकीचे नव्हते. पोफळी तोडून नेल्याविषयी मात्र त्यांनी तुमचे म्हणणे वेगळे लिहून घ्यायला हवे होते. ते आता लेखी द्या. तरीही नोंद झाली नाही तर आधी अधीक्षकांकडे आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. धमकीची जी अदखलपात्र नोंद आहे, तिचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस करू शकत नाहीत, हे लोकांना ठाऊक नसते आणि मग ते "पोलीस काहीच करत नाहीत" म्हणून बसून राहतात.

मेरेवर मारामारी होण्यासारखी परिस्थिती असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४५ खाली, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढेही विषय जाऊ शकतो. तिथे मालकी पाहत नाहीत, फक्त ताबा कुणाचा ते पाहतात, आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत ज्याला बेकायदा हुसकावले त्याचाच ताबा होता असे धरता येते. तुमचे अडीच महिने उलटून गेले आहेत, म्हणून त्या वाटेवर मी वेळ घालवणार नाही.

मुख्य उपाय दिवाणीच आहे, आणि तो आजच हाती घ्यावा. विशिष्ट दिलासा अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली, संमतीशिवाय आणि कायद्याची रीत सोडून ज्याचा ताबा काढून घेतला गेला, तो मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागू शकतो. मात्र हुसकावल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मेच्या अखेरीपासून मोजलेत तर तुमच्याकडे नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत अवधी आहे. तो चुकला तर मालकीच्या आधारे बारा वर्षांपर्यंत दावा लावता येतो, पण मग मालकीचा सगळा इतिहास उलगडावा लागतो, आणि गोव्यात तो इतिहास अनेकदा पोर्तुगीज भाषेत असतो. एक-चौदाचा उतारा हा ताब्याचा चांगला आधार आहे, परंतु केवळ त्यावरून मालकी ठरत नाही.

भिंत अजून पायातच असेल तर दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करा. न्यायालय तीन गोष्टी पाहील: प्रथमदर्शनी तुमची बाजू आहे का, हुकूम न दिल्यास अधिक अडचण कुणाची होईल, आणि होणारे नुकसान पैशाने भरून निघण्यासारखे आहे का. हुकूम मोडणाऱ्याला दिवाणी न्यायालयही तीन महिन्यांपर्यंत कैदेत ठेवू शकते, तेव्हा "दिवाणीत तुरुंग नसतो" हा समज अर्धाच खरा आहे. भिंतीला पंचायतीचा परवाना आहे का, तेही विचारून घ्या.

आणखी एक खास गोव्याची बाब. आपल्याकडे पती-पत्नींच्या मालमत्तेची भागीदारी हा विवाहाचा सर्वसाधारण नियम असल्याने स्थावराच्या दाव्यात वडिलांसोबत आईचेही नाव वादी म्हणून लागते, आणि शेजाऱ्यासोबत त्याच्या पत्नीचेही. बाहेरून आलेले वकील इथे हमखास अडखळतात. आजोबांच्या मागे इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देण्याची प्रक्रिया) झाली नसेल तर काका-आत्यांनाही विचारात घ्यावे लागेल.

खांडेपारकर

शेजारी जर आमच्याच भाटातला मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जमिनीतल्या घरात राहणारा) निघाला तर?

वकिलीण, मडगाव

तर विषय बदलतो. मुंडकार आहे की नाही, हा प्रश्न १९७५ च्या कायद्याप्रमाणे मामलेदारांपुढे ठरतो. दिवाणी न्यायालय तो स्वतः ठरवत नाही. त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

मेरेवरची पोफळ (धागाकर्ता)

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. सप्टेंबरमध्ये आई-वडील आणि मी वकिलांकडे गेलो. आजोबांची इन्व्हेंटरी झालेली निघाली, तेवढे एक नशीब. कलम ६ खाली दावा दाखल झाला आणि दोन्ही बाजूंचे ऐकून न्यायालयाने पुढील बांधकामाला तात्पुरती मनाई केली. मेर मोजण्यासाठी न्यायालयाने आपला कमिशनर नेमावा, या आमच्या अर्जावर पुढच्या तारखेला सुनावणी आहे. भिंत तूर्त चार थरांवर थांबली आहे. वरच्या चिऱ्यांवर शेवाळ धरले आहे.

पोफळींची तक्रार वेगळी लिहून दिली. जबाबाच्या वेळी हवालदारांनी वडिलांना विचारले, की झाडे तोडताना कुणी पाहिले का. कुणीच पाहिले नव्हते. त्यावर ते म्हणाले, की मग हे सिद्ध होणे कठीण आहे. जूनमध्ये असे कुणी म्हटले असते तर मी भांडलो असतो. या वेळी मी फक्त उरलेल्या दोन बुंध्यांचे फोटो त्यांना दिले आणि त्याच फोटोंची दुसरी प्रत दिवाणी वकिलांकडे पोहोचवली.

निवृत्त बेंच क्लार्क

फोटो काढले ते उत्तम केलेत. ज्या फोनने काढले तो विकू नका आणि मूळ फोटो पुसू नका. साक्षीच्या वेळी इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. आणि मोजणीच्या दिवशी वडिलांना मेरेवर एकटे पाठवू नका.